जुन्या गाडीस नवा जोर : लाभ किती, हानी किती?

या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांवर विद्वान माणसे बोलतात. त्या पंक्तीत बसून जुन्या मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, हे काही जणांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गोष्टीपायी घरची शिल्लक मोडते, कर्ज निघते आणि प्रसंगी घाटात माणसांचे प्राण टांगणीला लागतात, ती गोष्ट व्याख्यानाला अयोग्य आहे असे आम्हांस वाटत नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मोटार-कामगारांच्या संगतीत पुष्कळ झाले. चालक, क्लीनर, गॅरेजमधील मिस्त्री यांच्यात संघटनेचे काम करताना जे ऐकले, पाहिले आणि मग पुस्तके उघडून पडताळले, तेवढेच येथे मांडणार आहोत.

वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत, आणि इकडे किन्हवलीवरून सरळगाव, मुरबाड, टोकावड्यापर्यंत कोणत्याही रस्त्याने जा. घराघरांच्या अंगणात मोठमोठ्या जुन्या गाड्या उभ्या दिसतात. फॉर्च्युनर, एन्डेव्हर, पजेरो, सफारी, स्कॉर्पिओ. बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने आलेल्या. याची कारणे उघड आहेत. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यात जमिनी संपादन झाल्या आणि मोबदल्याची रक्कम पुष्कळ घरांत एकदम आली. दुसरे असे की, २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व भोवतालच्या प्रदेशात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मनाई केली. पुढे त्या नियमात फेरफार झाले. पण मधल्या काळात तिकडच्या कितीतरी आलिशान गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे वळल्या. नवी घ्यावयाची तर जमिनीचा तुकडा विकावा लागेल, अशी गाडी चार-सहा लाखांत दारी आली, तर माणसास मोह व्हावा हे स्वाभाविक आहे.

गाडी आली. पहिले सहा महिने कौतुकात गेले. मग मालक म्हणू लागतो, "गाडी झोकदार आहे, पण दम नाही. घाटात ओढत नाही." कोणी तरी सल्ला देतो की शहरात जाऊन चिप बसवून घे, वीस-पंचवीस टक्के जोर वाढेल. येथून आमचा प्रश्न सुरू होतो. जुन्या, जड, महागड्या गाडीच्या इंजिनाचा जोर पैसे खर्चून वाढविणे फायद्याचे आहे काय?

उत्तराकडे जाण्यापूर्वी इंजिनाचा जोर म्हणजे काय हे पाहू. डिझेल इंजिन ही एक प्रकारची चूलच आहे. चुलीला लाकडे आणि वारा दोन्ही लागतात. वारा कमी आणि लाकडे जास्त झाली की धूर होतो. वारा पुरेसा असला तर जाळ धरतो. इंजिनात लाकडांच्या जागी डिझेल आणि फुंकणीच्या जागी टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच रेट्याने टर्बोचा पंखा फिरतो आणि तो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने फवारावयाचे आणि टर्बोने किती हवा भरावयाची, हे ठरविणारा एक छोटा संगणक गाडीत बसविलेला असतो. त्याच्या पोटात कोष्टके असतात. इतके फेरे, इतका पाय दाबलेला, तर इतके डिझेल, असा त्याचा हिशेब चालतो. ही कोष्टके बदलणे म्हणजे रीमॅप. संगणकास हात न लावता त्याच्याकडे जाणाऱ्या खुणा मध्येच बदलून जास्त डिझेल फवारावयास लावणारी डबी मिळते, तिला ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. आपल्याकडे दोहोंनाही सरसकट 'चिप' म्हणण्याची चाल आहे.

कोष्टके बदलून जोर वाढतो, यात खोटे काही नाही. दाखला जवळचाच आहे. कसारा घाट चढून गेले की इगतपुरीस महिंद्राचा इंजिनांचा कारखाना लागतो. त्या कंपनीचे एमहॉक नावाचे २१७९ घनसेंटिमीटरचे इंजिन स्कॉर्पिओत १२० अश्वशक्तीचे होते. आणि २०११ साली आलेल्या एक्सयूव्ही ५०० मध्ये त्याच मापाचे इंजिन १४० अश्वशक्तीचे झाले. इंजिनाची जात एकच, जोर निराळा. मग विचारतील, कंपनीने जे केले ते आमच्या मिस्त्रीने केले तर बिघडले कोठे? बिघडते ते येथे : कंपनी नुसती कोष्टके बदलून थांबत नाही. वाढलेल्या जोराबरोबर टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, थंड करण्याची व्यवस्था आणि ब्रेक यांचा मेळ ती घालते, आणि हजारो किलोमीटर गाडी पळवून तो तपासते. चिप बसविणारा एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या नऊ गोष्टी जुन्याच ठेवतो.

शिवाय कंपनी थोडा जोर हातचा राखून ठेवते, तोही उगाच नव्हे. तीच गाडी राजस्थानच्या उन्हात चालणार, तीच हिमालयात चालणार. कोणी भेसळीचे डिझेल भरणार, कोणी ऑइल बदलावयास सहा महिने उशीर करणार. या सर्वांतून इंजिन टिकावे म्हणून ती राखीव शक्ती ठेवलेली असते. शेतकरी बियाण्याचे धान्य वेगळे काढून ठेवतो, तसे ते आहे. ते खाता येत नाही असे नाही. पण खाल्ल्यावर पुढल्या वर्षी पेरावयाचे काय, हा प्रश्न उरतो.

आता जुन्या गाडीकडे येऊ. २००९ साली भारतात आलेल्या फॉर्च्युनरचे तीन लिटरचे डिझेल इंजिन १७१ अश्वशक्तीचे होते. हा आकडा नव्या इंजिनाचा. दोन लाख किलोमीटर चाललेल्या, तीन मालकांच्या हातून गेलेल्या गाडीत तो आज तितका असेलच, असे कोणी सांगावे? चिप विकणारा वीस टक्के वाढ सांगतो ती या कागदावरच्या आकड्यावर. आणि मालकास जी कमतरता जाणवते, ती बहुधा गाडीत मुळात जोर कमी होता म्हणून नसते. होता तो गळून गेला म्हणून असते. गळालेला जोर आणि वाढीव जोर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या सर्व विवेचनाचे सार या एका भेदात आहे.

जोर गळतो कोठे? पहिली जागा एअर फिल्टर. आपल्याकडे दगडखाणी आहेत, विटांच्या भट्ट्या आहेत, उन्हाळ्यात गावरस्त्यावर धुळीचे लोट आहेत. फिल्टर कोंदला की इंजिनाचा श्वास कोंडतो. दुसरी जागा टर्बोपासून निघणारे रबरी होज. त्यास बारीक चीर पडली की दाबलेली हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. मालकास फक्त एवढे कळते की गाडीला पिकअप राहिला नाही. तिसरी जागा नोझल, म्हणजे डिझेल फवारणारे इंजेक्टर. फवारा बारीक धुक्यासारखा हवा. नोझल झिजले की धार पडते, डिझेल धड जळत नाही आणि काळा धूर येतो. चौथी जागा, जळालेला काही धूर पुन्हा आत घेणारी झडप. ती काजळीने भरते आणि हवेची वाट अरुंद करते. पाचवी जागा घसरणारा क्लच, अडकून राहणारा ब्रेक, हवा कमी असलेले टायर. इंजिन जोर देते, पण तो चाकापर्यंत पोचत नाही.

धुराचा रंग ओळखावयास शिकावे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दोष टर्बोच्या सीलमध्ये किंवा पिस्टनच्या रिंगांत असू शकतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर एक तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नाही तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. यांपैकी कोणताही धूर असताना चिप बसविणे म्हणजे दमेकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक पोते देणे.

एक दोष तर मालक स्वतः पैसे देऊन विकत घेतो. गाडी भारदस्त दिसावी म्हणून मोठे टायर, पुढे-मागे लोखंडी बंपर, वर कॅरिअर. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की चाकाच्या कडेला मिळणारी ओढ सुमारे तितक्याच प्रमाणात कमी होते; गाडी कायमची अर्धा गिअर वर टाकून चालविल्यासारखी होते. लोखंडाचे वजन निराळेच. मग हरवलेली ओढ परत आणण्यासाठी चिप! कंपनीने सांगितलेल्या मापाचे टायर पुन्हा बसविले, तर इंजिनाला हात न लावता काम होते.

आता घाटाचा हिशेब मांडू. तो कोणासही पाटीवर करता येईल. फॉर्च्युनरसारखी गाडी रिकामी सुमारे दोन टन असते. सात माणसे आणि सामान धरून अडीच टन, म्हणजे २५०० किलो समजा. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ ३०० मीटर आणि वेळ दहा मिनिटे धरू. २५०० किलो वजन ३०० मीटर वर नेणे म्हणजे साडेसात लाख किलोग्रॅम-मीटर काम. दहा मिनिटांचे ६०० सेकंद. म्हणजे सेकंदास १२५० किलोग्रॅम-मीटर. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदास ७५. भागाकार करा : सुमारे १७ अश्वशक्ती आली! त्यात टायरचे घर्षण, वाऱ्याचा अडथळा, गिअरबॉक्समधील गळ आणि वातानुकूलन यांची भर घाला. तरी सरासरी पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही. अवघड वळणानंतर चढावर पुन्हा वेग घेताना काही क्षण याच्या दुप्पट लागेल. १७१ अश्वशक्तीच्या गाडीस तेवढेही जड व्हावे काय? नाही. तरीही ती धापा टाकीत असेल तर दुखणे कोठे तरी दुसरीकडे आहे. जोराचा तुटवडा नाही, जोराची गळती आहे. किंवा चालक चुकीच्या गिअरमध्ये आहे, कारण फेरे कमी असताना टर्बोस पुरेसा धूर मिळत नाही आणि हवा भरली जात नाही.

दुसरा हिशेब ओव्हरटेकचा. येथे वाढीव जोर खरोखर उपयोगी पडतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तीच अडीच टनांची गाडी ताशी ८० वरून १०० वर नेण्यास, चाकाशी वेग वाढविण्यासाठी ८० अश्वशक्ती शिल्लक असतील, तर जवळजवळ सहा सेकंद लागतात. त्यात २५ अश्वशक्तींची भर पडली तर साडेचार सेकंद. दीड सेकंद वाचला. पण हा दीड सेकंद ज्यास मिळाला तो तेवढ्यावर समाधान मानीत नाही. पूर्वी जेथे तो ट्रकच्या मागे थांबला असता तेथे आता बाहेर निघतो. वाचलेला वेळ सावधपणासाठी न वापरता धाडसासाठी वापरला जातो, हे रस्त्यावरच्या माणसांना आम्ही सांगावयास नको.

तिसरा हिशेब उताराचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. चढताना जे साडेसात लाख किलोग्रॅम-मीटर काम गाडीत साठले, ते उतरताना कोठे तरी खर्च झालेच पाहिजे. त्यातील थोडे वाऱ्यात आणि टायरांत जाते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास बरेचसे इंजिन अडवून धरते. बाकीचे सगळे ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघते. ही एकूण उष्णता किती? पंचवीस लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत नेईल इतकी. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचविणारा माणूस ती बहुतेक सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओततो. ब्रेक तापतात, पॅडची पकड सुटते, जुने ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पायाखालचे पेडल मऊ पडते. चिपने वाढविलेली एकही अश्वशक्ती या वेळी मदतीस येत नाही. उलट, गाडीच्या अंगातील वेगाचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने आलात तर ब्रेकला पाऊणपटीहून अधिक जादा काम करावे लागते.

घाट कसा चढावा-उतरावा हे आपल्या तालुक्यास रेल्वेने केव्हाचेच शिकविले आहे. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका कडक आहे. तेथे अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. एकाच इंजिनाच्या छातीवर सगळा बोजा न टाकता, घाटापुरती मदत घेऊन पुढे ती सोडून द्यावयाची, ही त्यातली रीत. आणि खाली उतरावयाचे तर ब्रेकची परीक्षा आधी. चढण्याच्या ताकदीइतकाच उतरण्याच्या बंदोबस्ताचा विचार करणारी ही जुनी शिस्त मोटारवाल्यांनीही घ्यावी.

जोर वाढविल्यावर मोडते काय, हेही सांगितले पाहिजे. ओढ वाढली की पहिला बळी क्लच प्लेटचा. ती ठरावीक ओढीपर्यंतच धरून राहते, पुढे घसरते आणि जळते. मग गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, त्यांचे दांडे. जास्त डिझेल जळले की धुराची उष्णता वाढते. ती टर्बोच्या पंख्यास आणि पिस्टनच्या माथ्यास सोसावी लागते. रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर पाणी तापते, हेड गॅस्केट जाते. महागड्या गाडीचे हे भागही महाग. गाडी दुसऱ्या हाताने पाचव्या हिश्शाच्या किमतीत मिळते. तिचे सुटे भाग मात्र त्या हिश्शाने मिळत नाहीत. फोर्डने तर २०२१ साली भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, आणि पजेरोची भारतातील विक्री त्याच्याही आधीच संपली. अशा गाडीचा एखादा भाग मोडला तर शोधाशोधीत महिना जातो.

आणि मोडतोडीचा भुर्दंड नेहमी मालकावरच पडतो असे नाही. आमच्या पाहण्यातील एका चालकाची हकीकत सांगतो. नावांचे प्रयोजन नाही. त्याच्या मालकाने जुन्या गाडीस चिप बसवून आणली. पहिला महिना झोकात गेला. श्रावणात घरची सात माणसे घेऊन गाडी माळशेज घाटात निघाली आणि धुक्यात, ऐन वळणावर, क्लच घसरू लागला. जळक्या वासाने गाडी भरली. चालकाने दगड लावून गाडी उभी केली, बायका-मुलांना डोंगराच्या बाजूस उतरविले आणि तासभर भिजत उभा राहून मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखविला. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "क्लचवर पाय ठेवून चालवतोस, म्हणून प्लेट गेली," आणि दुरुस्तीचे पैसे पगारातून हप्त्याने कापण्यास सुरुवात केली. चालक आमच्याकडे आला. आम्ही मालकाकडे गेलो, भांडावयास नव्हे, समजवावयास. जळालेली प्लेट कोणाच्या दोषाने जळली हे काही ती बोलून दाखवीत नाही. परंतु तीच प्लेट दीड लाख किलोमीटर चाललेली होती आणि तिच्यावरची ओढ मुद्दाम वाढविली होती, ही गोष्ट मालकाच्याच हातातील बिलांवरून उघड होती. आम्ही विचारले, "दादा, जोर वाढवताना ड्रायव्हरला विचारलं होतं का?" तो गप्प राहिला, मग कापलेले पैसे त्याने परत दिले. माणूस वाईट नव्हता. यंत्रावरचा बोजा वाढविला की तो शेवटी कोणा तरी माणसावर उतरतो, एवढे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी असाच प्रश्न होता. एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, असा गिरणीमालकांचा आग्रह त्याचे एक प्रमुख कारण. कागदावर उत्पादन वाढलेले दिसत होते; पण सूत चांगले आहे काय, यंत्र जुने आहे काय, माणसाच्या अंगात किती त्राण आहे, याचा विचार त्या आकड्यात नव्हता. मोटारीच्या बाबतीत आम्ही हेच म्हणतो. वाढीव आकडा पाहण्यापूर्वी तो कोणाच्या अंगावर वाढणार आहे ते पाहा.

कायद्याचेही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळे पडतील असा बदल मालकास करता येत नाही. आणि अश्वशक्ती हा त्या तपशिलांपैकी एक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार नियमबाह्य बदलास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर उभा असलेला हवालदार संगणकातील कोष्टके वाचीत नाही, हे खरे. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या तपासनिसाने गाडी उघडली, की न कळविलेला बदल हे दावा अडवावयास चांगले निमित्त होते. ज्या दिवशी विम्याची खरी गरज, त्याच दिवशी तो हातून निसटावा, यासारखा तोटा नाही. मोकळा सायलेन्सर बसविणाराने तर शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करावा. टर्बोच्या गाडीत त्याने आवाज जितका वाढतो तितका जोर वाढत नाही.

मग चिप हे सर्वस्वी वाईट, असे आमचे म्हणणे आहे काय? तसे नाही. गाडी कमी चाललेली आहे, ऑइल वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या आहेत, कॉम्प्रेशन तपासले ते सर्व सिलिंडरांत सारखे निघाले, क्लच, रेडिएटर, ब्रेक नवे आहेत, आणि जाणत्या माणसाने जोर बेताने, दहा-बारा टक्क्यांच्या आत वाढविला, तर यंत्राच्या दृष्टीने गाडी ते सोसते. चालविणे सुखाचेही होते. कायद्याचा व विम्याचा प्रश्न तेव्हाही उरतोच. परंतु इतकी निरोगी जुनी गाडी शंभरांत किती? आणि जी इतकी निरोगी आहे तिच्या मालकास दमाची तक्रार सहसा नसते.

तेव्हा समजा, मालकाच्या हाती गाडीसाठी पन्नास हजार रुपये आहेत. ते कोणत्या क्रमाने खर्चावेत? आमचा क्रम असा : प्रथम ब्रेक, पॅड, डिस्क आणि दोन वर्षे न बदललेले ब्रेक ऑइल. दुसरे टायर, योग्य मापाचे, आणि नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेले असल्यास बदललेले. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ साली परिवहन खात्यास महामार्गावर चढण्यापूर्वी टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. त्यातील धडा जुन्या जड गाडीस सर्वांत अधिक लागू आहे. तिसरे थंड करण्याची व्यवस्था. रेडिएटर, पाण्याचा पंप, होज, कूलंट. चौथे श्वास, एअर फिल्टर, टर्बोचे होज, काजळीची झडप. पाचवे नोझल तपासणे. सहावे शॉकअप आणि बुश, म्हणजे वळणावर गाडी डोलणार नाही. पुष्कळदा पन्नास हजार येथेच संपतात, किंबहुना पुरत नाहीत. पण या सहा कामांनंतर गाडी घाटात घेऊन जावे. दहांपैकी आठ मालक म्हणतील की चिपची गरजच उरली नाही, अशी आमची पाहणी आहे.

परीक्षाही डोळस करावी. नव्या कामानंतर गाडी हलकी वाटते, हे अर्धे मनाचे खेळ असतात. तोच रस्ता, तितकीच माणसे, तोच गिअर. किती वेळ लागला, पाण्याचा काटा कोठे होता, धूर कोणत्या रंगाचा आला, टाकी भरून टाकी रिकामी होईपर्यंत किती किलोमीटर झाले, हे काम करण्यापूर्वी आणि केल्यानंतर वहीत लिहावे. आणि हे लिहिण्याचे काम चालकाकडे द्यावे. गाडीचे दुखणे सर्वांत आधी त्याच्या तळपायास आणि कानास कळते. "साहेब, ब्रेक खाली जातोय" हे त्याने सांगितल्यावर त्यास भित्रा म्हणून हसणारे मालक आम्ही पाहिले आहेत. आणि त्याच चालकाच्या एका वाक्यावर गाडी जागच्या जागी उभी करणारेही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या घरांतील गाड्या अधिक वर्षे चालतात.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. मुंबईहून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर रस्ता आता सलग आहे. सपाटीवर मोटारींना ताशी १२० आणि घाटभागात १०० ची मर्यादा आहे. जुनी फॉर्च्युनर किंवा पजेरो ही मर्यादा चिपेशिवायही ओलांडू शकते. जो वेग कायद्याने वापरता येत नाही, जो चढावर लागत नाही आणि उतारावर उपयोगी पडत नाही, त्यासाठी जमिनीच्या मोबदल्यातले पैसे घालावेत काय, याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आमचे मत इतकेच की, जुन्या गाडीस तिचा गेलेला जोर परत मिळवून देणे हा शहाणा खर्च आहे, आणि तिच्याकडून नसलेला जोर मागणे हा बहुधा महाग पडणारा हौसेचा खर्च आहे. पुढील पावसाळ्यात माळशेजला जाण्यापूर्वी प्रत्येक मालकाने गाडीचे एक चाक काढावयास लावावे, चालकाला शेजारी उभे करावे आणि ब्रेकचे पॅड दोघांनी मिळून पाहावेत. त्यास चार पैसे पडत नाहीत.